पैसे, ॲप आणि दुरुस्ती : वाचकांचे मोबाइलविषयक प्रश्न

स्मार्टफोनविषयी शंका विचारणाऱ्या पत्रांपैकी या वेळी सोलापूर शहर आणि जिल्ह्यातून आलेली पत्रे निवडली आहेत. त्यांतील बहुतेक पत्रांत खाते, रक्कम आणि फसवणुकीचे तपशील असल्यामुळे कुणाचेही नाव छापलेले नाही. व्यवसाय किंवा परिसर एवढाच उल्लेख ठेवला आहे. बँकेचे खाते एकाच्या नावावर असते, पण ते ज्या फोनवरून चालते तो फोन घरातल्या मुलांच्या, दुकानदाराच्या, दुरुस्ती करणाऱ्याच्या आणि कधी कधी आपण कधीही न पाहिलेल्या माणसाच्या ताब्यात जातो. दुरुस्तीच्या काही साध्या शंका सोडल्या तर या पत्रांतील बहुतेक अडचणींचे मूळ तिथेच सापडते, आणि म्हणून उत्तरांतही तो मुद्दा पुन्हा पुन्हा आला आहे.

प्रश्न : माझ्या आईने आयुष्यभर विड्या वळल्या. तिच्या व्हॉट्सॲपवर ओळखीच्या बाईंच्या नंबरवरून सरकारी योजनेच्या नावाची एक फाइल आली. तिने ती उघडली, दोन-तीन ठिकाणी ‘होय’ म्हटले आणि फोन बाजूला ठेवला. दुसऱ्या दिवशी खात्यातून तीन वेळा पैसे गेले. तिने कुणालाही ओटीपी सांगितलेला नाही. मग पैसे गेले कसे? आता काय करावे? (विडी कामगाराचा मुलगा, सोलापूर पूर्व भाग)

उत्तर : आपल्या आईंचे म्हणणे खरे असण्याची पूर्ण शक्यता आहे. त्यांना आलेली फाइल बहुधा ‘एपीके’ प्रकारची असावी. अँड्रॉइड फोनवर कोणतेही ॲप ज्या स्वरूपात बसवले जाते, ते हे स्वरूप. लग्नपत्रिका, वाहनाचा दंड, बँकेची केवायसी, एखाद्या योजनेची यादी अशा नावांनी या फाइली पाठवल्या जातात. फाइल उघडताच फोन ‘अनोळखी ठिकाणाहून ॲप बसवायचे का’ असे विचारतो, आणि होकार दिल्यावर ते ॲप एसएमएस वाचण्याची व पाठवण्याची परवानगी मागते. ही परवानगी एकदा मिळाली की बँकेचा ओटीपी तोंडाने सांगावाच लागत नाही. तो फोनवर येताच समोरच्या टोळीला आपोआप पोहोचतो. काही ॲप ‘ॲक्सेसिबिलिटी’ नावाची परवानगीही मागतात. ती दृष्टी किंवा हालचाल यांची अडचण असलेल्यांच्या सोयीसाठी असते, मात्र ती मिळालेल्या ॲपला पडद्यावरील मजकूर वाचता येतो आणि मालकाच्या वतीने बटणेही दाबता येतात. ओळखीच्या बाईंच्या नंबरवरून फाइल आली याचा अर्थ त्यांनी ती जाणूनबुजून पाठवली असा नाही. बहुधा त्यांचा फोन किंवा त्यांचे व्हॉट्सॲप आधीच ताब्यात गेले असावे, तेव्हा त्यांनाही लगेच कळवा.

आता करायच्या गोष्टी. प्रथम फोनचे इंटरनेट बंद करा, सिमकार्ड काढून एखाद्या साध्या फोनमध्ये घाला आणि तेथून १९३० या राष्ट्रीय सायबर हेल्पलाइनला फोन करा. त्याच बैठकीत बँकेला कळवून खात्यातून पैसे जाण्याचे सर्व मार्ग, म्हणजे युपीआय, डेबिट कार्ड आणि नेट बँकिंग, बंद करायला सांगा. १९३० वर तक्रार नोंदली गेली की पैसे ज्या खात्यात गेले त्या बँकेपर्यंत ती पोहोचते, आणि रक्कम तिथे शिल्लक असेल तर ती रोखून धरता येते. फसवणूक करणारे लोक रक्कम एका खात्यातून दुसऱ्या, तिसऱ्या खात्यात भराभर हलवतात. म्हणून पासबुक भरून आणू, मुलगा संध्याकाळी आला की विचारू, अशा कारणांनी गेलेले तास सर्वांत महाग पडतात. प्रत्येक व्यवहाराचा संदर्भ क्रमांक, वेळ आणि रक्कम कागदावर लिहून ठेवा. सायबरक्राइम डॉट गव्ह डॉट इन या संकेतस्थळावर तक्रार भरताना किंवा सायबर पोलिसांकडे जाताना हे लागेल.

फोन पुसून मूळ स्थितीत आणण्याची घाई करू नका. आधी त्या संदेशाची, ॲपच्या नावाची आणि त्याला दिलेल्या परवानग्यांची छायाचित्रे दुसऱ्या फोनने काढून घ्या, नंतरच रिसेट करा. गुगल खाते आणि बँकेचे पासवर्ड दुसऱ्या सुरक्षित फोनवरून बदला, व्हॉट्सॲपमधील ‘लिंक्ड डिव्हायसेस’मध्ये अनोळखी यंत्र दिसल्यास ते काढून टाका आणि ##००२# डायल करून कॉल फॉरवर्डिंग, म्हणजे आपले कॉल दुसऱ्या क्रमांकावर वळवण्याची सोय, रद्द करा.

भरपाईबाबत रिझर्व्ह बँकेने २०१७ साली घालून दिलेल्या नियमांनुसार, बँकेची किंवा ग्राहकाची चूक नसताना बाहेरच्या कुणामुळे व्यवहार झाला आणि बँकेकडून सूचना मिळाल्यापासून तीन कामकाजाच्या दिवसांत ग्राहकाने तो कळवला, तर ग्राहकावर कसलाही भार येत नाही. ग्राहकाच्या निष्काळजीपणामुळे नुकसान झाले असे ठरले तर कळवण्याआधीचे नुकसान त्याला सोसावे लागते, पण कळवल्यानंतर झालेले नुकसान बँकेचे असते. यासाठीच बँकेला फोनवर सांगून थांबू नका. लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या, त्यावर तारखेबरोबर वेळही असू द्या.

एक विनंती आवर्जून करावीशी वाटते. आईंना बोल लावू नका. अशा प्रसंगी घरच्यांच्या धाकाने दोन दोन दिवस गप्प राहिलेल्या स्त्रियांची पत्रे आमच्याकडे येतात, आणि त्या दोन दिवसांत पैसे परत मिळण्याची आशा जवळजवळ संपलेली असते. ज्या घरात चूक लगेच सांगता येते, त्या घराचे नुकसान कमी होते.

प्रश्न : अक्कलकोट रस्त्यावरील टॉवेल कारखान्यात मी मागावर काम करतो. फोन चार्ज होत नाही. वायर एका बाजूला दाबून धरली तरच चार्जिंग सुरू होते. दुकानदार म्हणतो की चार्जिंगची पिन बदलावी लागेल. खरेच बदलावी लागेल का? (यंत्रमाग कामगार)

उत्तर : बदलण्याआधी पिनेच्या खाचेत उजेड पाडून पाहा. कारखान्यात हवेत कापसाचे तंतू सतत उडत असतात, फोन सदऱ्याच्या किंवा पँटच्या खिशात असतो आणि चार्जिंगची खाच उघडीच असते. त्यात शिरलेली रुई प्रत्येक वेळी वायर खोचताना आत दाबली जाते आणि काही महिन्यांत खाचेच्या तळाशी तिचा घट्ट थर बसतो. मग वायरचे टोक पूर्ण आत जात नाही, सैल वाटते आणि तिरके दाबल्यावरच टेकते. आपण लिहिलेले लक्षण नेमके हेच आहे. आपल्या शहरात जिथे इतकी घरे चादर-टॉवेलच्या धंद्यावर चालतात, तिथे पिन बदलण्याचा खर्च सांगण्यापूर्वी प्रत्येक दुरुस्ती दुकानाने ही खाच साफ करून पाहिली पाहिजे असे माझे स्पष्ट मत आहे.

साफ करण्यासाठी फोन पूर्ण बंद करा. लाकडी दात-कोरणीचे टोक थोडे चपटे करून खाचेच्या कडेने हलक्या हाताने फिरवा आणि रुई बाहेर ओढा. टाइप-सी फोनमध्ये खाचेच्या मधोमध एक पातळ पट्टी असते व तिच्यावर धातूचे बारीक संपर्कबिंदू असतात. त्या पट्टीला धक्का लावू नका. सुई, टाचणी किंवा सेफ्टी पिन कदापि वापरू नका, कारण धातूमुळे संपर्कबिंदू वाकतात किंवा एकमेकांना चिकटतात. तोंडाने फुंकर मारल्यास लाळेचा ओलावा आत जातो, म्हणून तेही टाळावे. साफ केल्यावर दुसऱ्याची चांगली वायर आणि चार्जर लावून पाहा.

एवढे करूनही चार्जिंग होत नसेल तर पिन झिजली आहे असे समजावे. बऱ्याच फोनमध्ये ही पिन मुख्य बोर्डापासून वेगळ्या, लहान पट्टीवर असते आणि मुख्य बोर्डाला हात न लावता ती पट्टी बदलता येते. काम सांगताना ‘फक्त पट्टी बदलणार की मुख्य बोर्डावर काम करणार’ हे विचारून घ्या, काढलेला जुना भाग परत मागा आणि पावती घ्या. पुढे कामावर असताना फोन चेन असलेल्या लहान पिशवीत ठेवला तर हा त्रास बराच कमी होईल.

प्रश्न : फोनचा डिस्प्ले बदलायला दिला असता दुकानदाराने पॅटर्न लिहून मागितला. फोनमध्ये बँकेचे ॲप, मुलींचे फोटो, सर्व काही आहे. पॅटर्न द्यावा का? (शिक्षिका, जुळे सोलापूर)

उत्तर : डिस्प्ले बदलल्यावर स्पर्श, कॅमेरा, माइक आणि आवाज तपासण्यासाठी फोन उघडावा लागतो, एवढ्यापुरती दुकानदाराची मागणी रास्त आहे. मात्र त्यासाठी पॅटर्न कागदावर लिहून फोनला चिकटवण्याची गरज नाही. शक्य असेल तर काम समोर करून घ्या आणि तपासणीच्या वेळी फोन स्वतः उघडून द्या.

फोन ठेवून यावा लागणार असेल तर सॅमसंगच्या अनेक फोनमध्ये ‘मेंटेनन्स मोड’ आणि गुगलच्या पिक्सेल फोनमध्ये ‘रिपेअर मोड’ ही सोय असते. ती सेटिंगमधून चालू केली की दुरुस्ती करणाऱ्याला फोन वापरून पाहता येतो, पण आपले फोटो, संदेश आणि ॲप त्याला दिसत नाहीत; नेहमीच्या स्थितीत परत येण्यासाठी आपलेच कुलूप उघडावे लागते. ही सोय नसेल तर फोटोंची प्रत दुसरीकडे घेऊन ठेवा, बँकेच्या आणि युपीआयच्या ॲपमधून बाहेर पडा, आणि सिमकार्ड व मेमरी कार्ड काढून घरीच ठेवा.

सिमकार्ड काढण्याला मी सर्वांत अधिक महत्त्व देतो. ‘युपीआय पिन माझ्या डोक्यात आहे, मग कसली भीती’ असे अनेकांना वाटते. परंतु तो पिन विसरल्यास नवा ठरवता येतो, आणि त्यासाठी डेबिट कार्डाचे शेवटचे सहा अंक, कार्डाची मुदत आणि फोनवर येणारा ओटीपी एवढे पुरते. कार्डाचा फोटो गॅलरीत असेल, सिम फोनमध्ये असेल आणि पॅटर्न कागदावर लिहिलेला असेल, तर तिन्ही गोष्टी एकाच हाती पडतात. कार्डाचा आणि आधारचा फोटो गॅलरीत ठेवण्याची सवय म्हणूनच आजच सोडावी.

डिस्प्ले पूर्ण काळा पडला असेल आणि सेटिंग उघडताच येत नसेल, तरी सिम काढणे शक्य असते. बाकी दुसऱ्या फोनवरून आपल्या गुगल खात्यात जाऊन ‘आपली उपकरणे’ या यादीतून तो फोन बाहेर काढता येतो.

प्रश्न : औषध दुकानात ८४० रुपये युपीआयने दिले. माझ्या खात्यातून रक्कम गेली, दुकानदाराच्या साउंडबॉक्सवर काहीच वाजले नाही. मला पुन्हा रोख द्यावे लागले. आधीची रक्कम कधी मिळेल? (गृहिणी, होटगी रस्ता)

उत्तर : रिझर्व्ह बँकेने सप्टेंबर २०१९ मध्ये यासाठी मुदती ठरवून दिल्या आहेत. दुकानात केलेला व्यवहार अर्धवट राहिला, म्हणजे खात्यातून रक्कम गेली पण दुकानदाराला पोच मिळाली नाही, तर व्यवहाराच्या दिवसानंतर पाच दिवसांच्या आत ती आपोआप परत यायला हवी. एका व्यक्तीने दुसऱ्या व्यक्तीला पाठवलेली रक्कम समोरच्याच्या खात्यात जमा होऊ शकली नाही तर ही मुदत एका दिवसाची आहे. त्यानंतर होणाऱ्या विलंबासाठी बँकेने दररोज १०० रुपये भरपाई द्यायची असते. ती मागावी, तो आपला हक्क आहे आणि तो ठाऊक नसल्यामुळे फार थोडे लोक मागतात.

ॲपमधील त्या व्यवहारावर जाऊन तिथूनच तक्रार नोंदवा. बँकेने ३० दिवसांत उत्तर दिले नाही किंवा उत्तर समाधानकारक नसेल तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे विनाशुल्क जाता येते. इंटरनेटवर शोधून सापडलेल्या ‘कस्टमर केअर’ क्रमांकावर मात्र फोन करू नका. अशा खोट्या क्रमांकांवर बोलणारे लोक रक्कम परत करतो असे सांगून आपल्या फोनचा पडदा त्यांना दाखवणारे एखादे ॲप बसवायला लावतात किंवा पिन टाकायला सांगतात. युपीआय पिन पैसे देताना लागतो. पैसे घेताना तो कधीही लागत नाही. क्यूआर कोडही पैसे देण्यासाठीच स्कॅन करायचा असतो.

प्रश्न : चुकून एक आकडा बदलला आणि ३००० रुपये अनोळखी माणसाला गेले. बँक म्हणते, आम्ही काही करू शकत नाही. (वाचक, बार्शी)

उत्तर : पिन टाकून यशस्वी झालेला व्यवहार बँक परस्पर उलटवू शकत नाही, हे खरे आहे, पण आपला लेखी अर्ज घेऊन समोरच्या बँकेमार्फत त्या खातेदाराला रक्कम परत करण्याची विनंती करणे हे तिचे काम आहे, आणि तो अर्ज तिने घेतलाच पाहिजे. युपीआय चालवणाऱ्या नॅशनल पेमेंट्स कॉर्पोरेशनच्या संकेतस्थळावरही तक्रार करता येते. २०२५ च्या जूनअखेरपासून युपीआय ॲपमध्ये समोरच्याचे बँकेत नोंदलेले नाव पैसे पाठवण्याआधी दिसते. पिन टाकण्यापूर्वी ते नाव वाचावे.

प्रश्न : माझे चादर-टॉवेलचे दुकान आहे. बाहेरगावच्या एका ग्राहकाने क्यूआर स्कॅन करून ६२०० रुपयांचा माल नेला. तीन आठवड्यांनी माझे खातेच बंद झाले. बँक म्हणते की दुसऱ्या राज्यातील पोलिसांचा आदेश आहे. मी कुणालाही फसवलेले नाही, आणि आता कामगारांचे पगार अडले आहेत. (दुकानदार, नवी पेठ परिसर)

उत्तर : आपल्यासारख्या प्रामाणिक व्यापाऱ्यावर येणारे हे संकट अतिशय त्रासदायक आहे, म्हणून त्याचे कारण सविस्तर सांगतो. वरच्या विडी कामगार बाईंच्या प्रकरणात जी तक्रार नोंदवायला सांगितली, तिच्यावरून गेलेल्या पैशाचा माग काढला जातो. पैसे पहिल्या खात्यातून दुसऱ्यात, तिथून तिसऱ्यात असे गेलेले असतात आणि टोळीतील कुणीतरी त्याच पैशातून दुकानात खरेदीही करतो. असे झाले की दुकानदाराचे खातेही त्या साखळीत दिसते. संशयित मालमत्ता रोखून धरण्याचा अधिकार पोलिसांना भारतीय नागरिक सुरक्षा संहितेने दिलेला आहे, आणि ऑनलाइन तक्रारीवरून बँकेला सूचना गेली की बँक ती पाळते.

पहिले काम म्हणजे बँकेकडून लेखी माहिती घेणे : तक्रारीचा पोच क्रमांक, पोलीस ठाण्याचे नाव, तपास अधिकाऱ्याचा संपर्क, कोणता व्यवहार वादग्रस्त आहे आणि रोखलेली रक्कम किती. ‘वरून आदेश आहे’ एवढ्या उत्तरावर परत येऊ नका. दुसरे काम, त्या व्यवहाराची कागदपत्रे एकत्र करणे. बिलाची प्रत, जीएसटी नोंदणी असल्यास तिचे प्रमाणपत्र, मालाच्या साठ्याची नोंद, दुकानाचा परवाना आणि त्या दिवसाचे सीसीटीव्ही चित्रण मिळत असेल तर तेही जपून ठेवा. चित्रण काही दिवसांनी पुसले जाते, त्यामुळे ते आधी उतरवून घ्या. ही सर्व कागदपत्रे तपास अधिकाऱ्याला ईमेलने आणि रजिस्टर पोस्टाने पाठवा, आणि त्याची प्रत बँकेला द्या.

अर्जात दोन गोष्टी स्पष्ट लिहा. रक्कम मालाच्या विक्रीपोटी आली आहे, ही पहिली. वाद ६२०० रुपयांचा असल्यामुळे तेवढीच रक्कम रोखून उर्वरित खाते मोकळे करावे, ही दुसरी. संपूर्ण खाते अडवण्याऐवजी वादातील रक्कमच रोखावी असे आदेश उच्च न्यायालयांनी वेगवेगळ्या प्रकरणांत दिलेले आहेत, त्यामुळे ही मागणी वाजवी आहे. प्रतिसाद मिळाला नाही तर वकिलामार्फत न्यायालयात अर्ज करावा लागतो. खाते मोकळे करून देतो म्हणून पैसे मागणारा कुणी फोन केला, तर तो स्वतः एक फसवणूक करणाराच समजावा.

पुढील काळासाठी एवढेच सुचवतो की दुकानाचे क्यूआर खाते आणि पगार-घरखर्चाचे खाते वेगळे ठेवावे. जमा झालेली रक्कम दररोज मुख्य खात्यात वळवली तर असा प्रसंग आला तरी कामगारांची चूल अडत नाही. ‘तुमच्या खात्यात पैसे टाकतो, मला रोख द्या’ असे म्हणणाऱ्या अनोळखी माणसाला नम्रपणे नकार द्यावा, मग तो कितीही अडचण सांगो.

प्रश्न : माझ्याकडे बटणांचा फोन आहे. युपीआयसाठी मुलगा स्मार्टफोन घ्या म्हणतो. आवश्यक आहे का? (निवृत्त शेतकरी, मोहोळ तालुका)

उत्तर : नाही. बँकेत नोंदलेल्या क्रमांकावरून *९९# डायल केल्यास इंटरनेटशिवाय शिल्लक पाहता येते आणि लहान रकमा पाठवता येतात. साध्या फोनसाठी ‘युपीआय १२३पे’ ही सेवाही मार्च २०२२ पासून सुरू आहे. तिच्यात फोनवर ऐकू येणाऱ्या सूचनांनुसार व्यवहार करता येतो. पिन मात्र स्वतः ठरवा आणि स्वतःच टाका. मुलावर आपला विश्वास असणे स्वाभाविक आहे, पण तो ज्या ज्या फोनवर आपला पिन टाकील, त्या फोनची काळजी आपल्याला घेता येत नाही.

प्रश्न : गड्ड्याच्या यात्रेत होम मैदानावर गर्दीत फोन चोरीला गेला. मी आधी पोलिसांत गेलो, तिथून घरी, आणि मग सिम बंद केले. हा क्रम बरोबर होता का? (महाविद्यालयीन विद्यार्थी)

उत्तर : पोलिसांकडे जाणे आवश्यकच होते, पण सिम बंद करणे त्याच्या आधी हवे होते. बरोबरच्या मित्राच्या फोनवरून कंपनीला कळवून सिम बंद करायचे, लगेच बँकेला कळवून युपीआय थांबवायचे, आणि त्यानंतर गुगलच्या ‘फाइंड हब’वरून फोनला कुलूप घालायचे. हे सारे मैदानाच्या फाटकावर उभे राहूनही करता येते. पोलीस तक्रार त्यानंतर.

तक्रारीची प्रत हाती आल्यावर त्याच क्रमांकाचे नवे सिम घ्या. सिम बदलल्यानंतर पहिले २४ तास त्यावर एसएमएस येत नाहीत; ही सुरक्षेसाठी केलेली व्यवस्था आहे, सिम खराब आहे असे समजून दुकानात फेऱ्या मारू नका. मग दूरसंचार विभागाच्या ‘संचार साथी’ पोर्टलवर जाऊन, तक्रारीची प्रत, ओळखपत्र आणि फोनचा आयएमईआय, म्हणजे प्रत्येक फोनचा स्वतंत्र ओळख क्रमांक, देऊन तो फोन रोखण्याची विनंती नोंदवा. तो देशातील कोणत्याही कंपनीच्या सिमवर चालेनासा होतो, आणि कुणी त्यात सिम घालून पाहिले तर त्याचा माग पोलिसांना मिळू शकतो. फोन सापडल्यास त्याच ठिकाणी तो पुन्हा सुरू करून घेता येतो.

आयएमईआय खरेदीच्या बिलावर आणि खोक्यावर छापलेला असतो. ज्यांचा फोन आज हातात आहे त्यांनी *#०६# डायल करून तो क्रमांक वहीत उतरवून ठेवावा. जुना फोन विकत घेतानाही हाच क्रमांक उपयोगी पडतो : ‘केवायएम’ ही तीन अक्षरे इंग्रजीत लिहून, एक जागा सोडून आयएमईआय टाका आणि १४४२२ वर संदेश पाठवा, म्हणजे त्या क्रमांकाची माहिती येते. बाजारभावापेक्षा फार स्वस्तात मिळणारा, बिल नसलेला फोन घेण्यापूर्वी एवढे तरी करावेच.

प्रश्न : उन्हाळ्यात फोन तापतो, आणि आता मागचे झाकण थोडे वर आल्यासारखे दिसते. चालवला तर चालेल का? (रिक्षाचालक, विजापूर रस्ता)

उत्तर : चालवू नका. झाकण वर येणे म्हणजे आतली बॅटरी फुगली आहे. लिथियम-आयन बॅटरी जुनी झाली किंवा फार तापत राहिली की तिच्यात वायू तयार होऊन ती फुगते. तिला टोचले, वाकवले किंवा दाबले तर पेट घेऊ शकते. फोन बंद करा, चार्जिंगला लावू नका, झाकण दाबून बसवण्याचा प्रयत्न करू नका आणि जळाऊ वस्तूंपासून दूर ठेवून लवकरात लवकर अधिकृत सेवा केंद्रात न्या. काढलेली बॅटरी घरच्या कचऱ्यात टाकू नका, ती केंद्रातच सोडा.

फोन साधारण ३५ अंशांपर्यंतच्या हवेत वापरण्यासाठी बनवलेले असतात आणि आपल्याकडे एप्रिल-मे महिन्यांत पारा ४० च्या वर असतो. त्यात रिक्षाच्या काचेमागे, थेट उन्हात, नकाशा चालू ठेवून फोन चार्ज केला तर तीन बाजूंनी उष्णता येते. फोन सावलीला येईल अशा ठिकाणी लावा, भर दुपारी चार्जिंग टाळा, आणि तापलेला फोन फ्रिजमध्ये किंवा ओल्या फडक्यात ठेवू नका, कारण आत दव धरते. नवी बॅटरी घेताना कंपनीचीच घ्यावी. स्वस्त बॅटरीत वाचणारे पैसे या जोखमीपुढे काहीच नाहीत.

प्रश्न : माझ्या आधारवर दुसऱ्या कुणी सिम घेतले आहे का, हे कसे पाहावे? (वाचक, पंढरपूर)

उत्तर : ‘संचार साथी’वरच आपल्या नावावरील मोबाइल जोडण्या पाहण्याची सोय आहे. आपला क्रमांक आणि त्यावर आलेला ओटीपी टाकला की यादी दिसते. जो क्रमांक आपला नाही त्याच्यासमोर तसे नोंदवावे. महाराष्ट्रात एका व्यक्तीच्या नावावर जास्तीत जास्त नऊ जोडण्या असू शकतात. ही सेवा विनाशुल्क आहे.